तक्ता पेन्सिलीनं

ड्यूटीचा तक्ता मी शाईनं लिहीत नाही.
दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला
वसमतच्या उपजिल्हा रुग्णालयात,
नवजातांच्या खोलीबाहेर, स्टीलच्या टेबलाशी बसते
पेन्सिल अन् खोडरबर घेऊन.
मंजूर पदं अकरा. भरलेली सात.
सातांत एक बाळंतपणाच्या रजेवर,
एक कागदावर इथं, अंगानं हिंगोलीला.
उरलो पाच जणी, तीन पाळ्या, बारा पाळणे.
पाचवीतल्या पोरालाही सुटेल हे गणित,
फक्त उत्तर पूर्णांकात येत नाही.

वरून नवा नमुना आलाय:
प्रति परिचारिका, प्रति दिवस, किती बालके हाताळली?

हाताळली.
त्या शब्दापाशी जरा थांबते.
खिल्लारे सिस्टरनं काल सबंध दुपार
एकच बाळ हाताळलं, अकराशे चाळीस ग्रॅमचं.
आईच्या उघड्या छातीशी बांधलं,
नखांत अजून हळदीचा पिवळा असलेल्या
त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला शिकवलं
श्वास कसा मोजायचा, मान कशी धरायची,
अन् रडू आलं तर रडून घे म्हणाली,
बाळाला त्याचं काही नसतं.
रकान्यात भरलं: एक.
शेजारच्या लसीच्या खोलीत तेवढ्याच वेळात सत्तेचाळीस.
एकापुढं शून्य लावायचा मोह झाला.
नाही लावलं.

वर्षाची सरासरी मागितलीय.
आमचं वर्ष सरासरीनं चालत नाही, साहेब.
दसरा झाला की ट्रक भरून टोळ्या उसाला जातात,
त्याआधीच्या पंधरवड्यात तांड्यातांड्यावरची
सगळी लेकरं एकदम रांगेत.
पौषात खोली निम्मी,
एक एक पाळणा नुसता गरम ठेवायचा.
अन् चैत्रात परत येतात,
फडात जन्मलेली, काट्यावर कधी न चढलेली
लेकरं कडेवर घेऊन.
नमुन्यात हंगामाचा रकाना शोधला. नव्हता.
पट्टी घेऊन आखला.

आणखी एक आहे माझ्याकडं.
जुन्या वहीच्या मागच्या पानांवर
दोन वर्षं उभ्या रेघा मारत आलेय,
बाळ किती वाजता आलं त्याच्या.
कुणी सांगितलं नव्हतं.
दुपारी रेघा तुरळक, बांधावरच्या बाभळींसारख्या.
रात्री दोन ते पाच कुंपण.
अन् त्याच कुंपणात माझ्या तक्त्यावर
एकटी रुबिना पठाण.

मागच्या महिन्यात दोन बाळांचे श्वास एकाच वेळी थांबले.
एकाच्या तळपायाला टिचक्या मारत
तिनं लाथेनं दार उघडलं, हाक मारली.
झाडू टाकून कौसाबाई धावली,
तिच्या हाती दुसरं दिलं,
"असं चोळ पाठीला, थांबू नको."
दोन्ही वाचली.
म्हणून त्याची नोंद कुठंच नाही.

मी सकाळच्या दोघींतली एक उचलून रात्रीत टाकली.
डॉक्टर सूर्यतळ म्हणाले,
"राऊंडला फाईल कोण धरणार मग?"
म्हटलं, "फाईलचा श्वास अडकत नाही, सर."
हसले नाहीत.
चहा झाल्यावर सही केली.
खाली बारीक अक्षरात लिहिलं, एक महिना बघू.

चिकटपट्टीनं तक्ता दारावर लावला
तर रुबिनाच आली, बोट ठेवून वाचत गेली,
शेवटच्या आठवड्यात थांबली.
"ताई, गुरुवारी रात्री नको ना.
शुक्रवारी पोराचा गणिताचा पेपर हाय,
लई घाबरायलाय."

काढला परत.
गुरुवारचा चौकोन तिसऱ्यांदा खोडतेय.
तिथं कागद इतका पातळ झालाय
की खालच्या टेबलाची चकाकी दिसते.
पेन्सिल दाबता येत नाही.
हलक्या हातानं
माझं नाव लिहिते.